विश्लेषण : दगडावर आकडा, घरात नाव… युद्धाच्या आठवणी पुढच्या पिढीपर्यंत पोहोचणार कशा?

पहिल्या महायुद्धात लढलेला एकही सैनिक आता जगात हयात नाही. दुसऱ्या महायुद्धातले जे मोजके उरले आहेत, ते शंभरीच्या आसपास आहेत. १९७१ च्या युद्धात विशीत असलेले जवानही पंचाहत्तरीच्या घरात पोहोचले. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी नातवंडांना अर्ध्यामुर्ध्या आठवतात आणि पुढच्या पिढीपर्यंत एखादे वाक्य उरते. दुसरीकडे मोबाइलवर युद्धपटांची आणि माहितीपटांची रेलचेल आहे. मग युद्धाचा इतिहास पुढे नेणार कोण? घरातली आठवण, पडद्यावरचा माहितीपट की दोन्ही? आणि त्यासाठी वेळ किती उरला आहे?

आकडे आहेत, नावे कुठे आहेत?

पहिल्या महायुद्धासाठी (१९१४-१८) भारतातून सुमारे १३ लाख सैनिक आणि कामगार परदेशी व इतर आघाड्यांवर गेले. त्यांतील ७४ हजारांहून अधिक परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली. सक्तीची भरती न करता उभे राहिलेले ते जगातले सर्वांत मोठे सैन्य मानले जाते. त्यातील सुमारे ८७ हजार जण मृत्युमुखी पडले.

हे आकडे पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत येतात. गावांत ते दगडावर दिसतात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. कोण गेले आणि कोण परतले नाही, हे पाटी सांगत नाही.

हेच मोठ्या स्मारकांतही घडले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये मारले गेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४० हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आली, भारतीय अधिकाऱ्यांचीही आली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्याच लिहिली गेली. युद्धातील मृतांच्या स्मारकांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये हा भेदभाव एका अहवालाद्वारे मान्य केला आणि माफी मागितली. अहवालानुसार ४५ ते ५४ हजार जणांचे स्मरण असमान पद्धतीने झाले. त्याशिवाय किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे स्मरण नावाने झाले नाही किंवा मुळीच झाले नाही. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतले, आशियातले आणि पश्चिम आशियातले होते.

म्हणून सामान्य शिपायाच्या बाबतीत घरातल्या आठवणीला वेगळे मोल आहे. सरकारी दगडाने जे नाव गाळले, ते असेलच तर कुणाच्या तरी घरात, एखाद्या आजीच्या बोलण्यात किंवा ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या कागदात असणार.

मराठी मुलुखाचा यात वाटा किती?

बराच. बसऱ्याहून बगदादकडे निघालेल्या आणि कुत-अल-अमारा येथे अडकलेल्या सैन्याचे नावच ‘सहावी (पूना) डिव्हिजन’ होते. त्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळपास पाच महिने वेढा पडला. अन्न संपले, घोडे कापून खाण्याची वेळ आली आणि धर्माच्या धाकाने अनेक भारतीय शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले. अखेर सुमारे १३ हजार जणांनी शरणागती पत्करली. त्यांतील कित्येक जण वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्कांच्या कैदेत मेले. सातारा, कोकण, पुणे या भागांतल्या अनेक घरांत ‘पणजोबा बसऱ्याला गेले होते’ एवढे एकच वाक्य उरले आहे. त्यामागे एवढा मोठा प्रसंग असू शकतो, याची कल्पना ते सांगणाऱ्यालाही नसते.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडले आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी पूर्व आफ्रिकेत केरेनच्या डोंगरांत लढल्या, तशाच इटलीतही लढल्या. आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या खोऱ्यात वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाही. कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने येथे त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दाखवलेल्या शौर्यासाठी हाच सन्मान मिळाला.

ही दोन नावे टिकली, कारण त्यांच्यामागे पदक होते आणि पदकामागे लेखी अहवाल होता. ज्याला पदक मिळाले नाही, जो तापाने मेला, जो स्वयंपाकी, भिस्ती किंवा खेचरवाला म्हणून गेला, त्याच्या मागे अहवाल नाही. जातीचाही प्रश्न आहे. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती थांबवली. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये ती मोडीत काढली. पुढे १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पलटणच मोडीत निघाली की तिची आठवण जपणारी छावणी, वार्षिक समारंभ, भिंतीवरचे फोटो हे काहीच उरत नाही. उरते ते घर आणि घरातले बोलणे.

ही आठवण घराबाहेर का आली नाही?

याची कारणे तीन आहेत. पहिले कारण सेन्सॉरचे. फ्रान्समधल्या भारतीय शिपायांची पत्रे सेन्सॉर वाचत असे आणि त्यांतील निवडक भागांचे इंग्रजी भाषांतर वरिष्ठांना पाठवत असे. आज संशोधकांना उपलब्ध असलेला मोठा साठा या इंग्रजी उताऱ्यांचाच आहे. मूळ पत्रे बहुतांशी गेली. म्हणजे शिपायाने आपल्या भाषेत काय लिहिले, ते इतिहासाला साहेबाच्या भाषेतून कळते. एखाद्या घरात मूळ पत्र सापडले, तर त्याचे महत्त्व किती, हे यावरून कळावे.

मुंबईचे उदाहरण याहून बोलके आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या आत दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. एकूण मृतांचा आकडा मात्र वेगवेगळा सांगितला जातो. युद्धकाळ असल्याने बातमीवर बंदी होती. जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी तपशील सांगितला, पण भारतातल्या वृत्तपत्रांना तो छापण्याची परवानगी मे महिन्यात मिळाली. या काळात मुंबईकरांचे वृत्तपत्र म्हणजे शेजारी आणि नातेवाईक. मांडवी, मशीद बंदर, माझगाव परिसरातल्या कुटुंबांत ‘आकाशातून सोने पडले’ ही गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. ऐकणाऱ्याला ती अतिशयोक्ती वाटते, पण जहाजावरच्या विटा खरोखरच उडाल्या होत्या आणि काही तर अनेक दशकांनी गोदीतला गाळ काढताना सापडल्या.

दुसरे कारण राजकीय. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या शिपायाचे काय करायचे, हे देशाला नीट उमगले नाही. तुरुंगात गेलेल्यांचा आणि आझाद हिंद सेनेचा गौरव होणे रास्तच होते. पण पोटासाठी, कर्ज फेडण्यासाठी, कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून भरती झालेला शिपाई ना साम्राज्याचा भक्त होता ना देशद्रोही. त्याची गोष्ट कोणत्याच भाषणात बसली नाही.

तिसरे कारण घरातलेच. युद्धाहून परतलेला माणूस अनेकदा बोलतच नाही. बोलला तर जेवणाबद्दल, थंडीबद्दल, सोबत्यांच्या गमतींबद्दल बोलतो. आणि मागे राहिलेल्या स्त्रियांना कुणी विचारत नाही. मनीऑर्डर थांबल्यावर घर कसे चालले, तार आल्यावर काय झाले, बेपत्ता नवऱ्याच्या बायकोने कुंकू लावायचे की पुसायचे, हाही युद्धाचा इतिहास आहे. तो कोणत्याही पलटणीच्या दप्तरात मिळणार नाही.

घरातली आठवण कितपत विश्वासार्ह?

आठवणीला मोल आहे म्हणून ती जशीच्या तशी खरी मानावी, असे मुळीच नाही. इटलीतील मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी याचा एक गाजलेला दाखला नोंदवला आहे. तेर्नी या कारखानदारीच्या शहरात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये ‘नाटो’विरोधी निदर्शनात पोलिसांकडून मारला गेला. पण गावातले अनेक जण ही घटना १९५३ मधल्या कामगारकपातीच्या वेळची म्हणून सांगत. तारीख चुकीची होती. पण त्या चुकीमागे अर्थ होता. गावाला जी जखम मोठी वाटत होती, तिथे त्यांनी तो मृत्यू नेऊन ठेवला होता. आठवण चुकते तेव्हाही ती काहीतरी सांगते, फक्त ते काय सांगते हे ओळखावे लागते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. जर्मनीत हाराल्ड वेल्त्सर आणि सहकाऱ्यांनी ४० कुटुंबांच्या तीन पिढ्यांशी बोलून, एकूण १४२ मुलाखती घेऊन २००२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजोबांनी स्वतः सांगितलेल्या गोष्टी नातवंडांच्या तोंडी आल्या, तेव्हा त्या बदललेल्या होत्या. नाझी राजवटीत निमूटपणे वावरलेला, प्रसंगी तिला साथ दिलेला माणूस नातवाच्या कथनात विरोध करणारा किंवा ज्यूंना वाचवणारा झाला होता. कुणीही जाणूनबुजून खोटे बोलत नव्हते. आपल्या माणसावरच्या प्रेमाने गोष्ट प्रत्येक पिढीत थोडी उजळत गेली.

हे केवळ जर्मनीत घडते असे मानण्याचे कारण नाही. आपल्याकडेही रसद खात्यातले आजोबा तिसऱ्या पिढीत मशीनगन चालवू लागतात. त्यात त्यांचा गौरव नसून अपमानच आहे. रसद पोहोचवणाऱ्याचे काम, त्याची भीती आणि त्याची चिकाटी ही खरी गोष्ट पुसली जाते आणि तिच्या जागी सिनेमातून उचललेली गोष्ट येते.

माहितीपटाने काय साधते?

जे एका घराला शक्य नाही ते माहितीपट करतो. तो शेकडो घरांच्या आठवणी एकमेकींशेजारी ठेवतो. बीबीसीने १९६४ मध्ये ‘द ग्रेट वॉर’ ही २६ भागांची मालिका केली, तेव्हा पहिल्या महायुद्धातले सैनिक साठी-सत्तरीत होते आणि बोलू शकत होते. त्या मुलाखती आणि लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममधील ध्वनिमुद्रणे पन्नासहून अधिक वर्षांनी पीटर जॅक्सन यांना ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) या माहितीपटासाठी मिळाली. एकही सैनिक हयात नसताना त्यांच्याच आवाजात युद्ध ऐकू आले ते कुणीतरी वेळेवर ध्वनिमुद्रण केले होते म्हणून. मात्र त्या माहितीपटात पश्चिम आघाडीवरच्या ब्रिटिश सैनिकांचीच कथा आहे. ज्यांचे आवाज जपले गेले, त्यांचीच गोष्ट सांगता आली.

क्लोद लान्झमान यांचा ‘शोआ’ (१९८५) नऊ तासांहून मोठा आहे. ज्यूंच्या संहारावरच्या या माहितीपटात जुन्या चित्रफितीचा एकही तुकडा नाही. आहेत ती फक्त वाचलेली माणसे, साक्षीदार, काही गुन्हेगार आणि त्या जागा. साधे बोलणेही किती भक्कम पुरावा ठरू शकते, हे त्याने दाखवले.

भारताच्या दृष्टीने सर्वांत चटका लावणारे उदाहरण बर्लिनजवळच्या व्युन्सडॉर्फचे आहे. पहिल्या महायुद्धात तिथल्या ‘हाफ मून’ छावणीत भारतीय युद्धकैदी होते. जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्या भाषांचे नमुने म्हणून त्यांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित केले. त्या तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत. त्यांत ११ डिसेंबर १९१६ रोजी मुद्रित झालेला मल्ल सिंग या पंजाबी शिपायाचा आवाज आहे. ‘एक माणूस होता’ अशा तऱ्हेने तो स्वतःबद्दल परक्यासारखा बोलतो. घरी लोणी खाणारा तो माणूस इंग्रजांच्या चाकरीत या युद्धात येऊन पडला आणि आता घरी जाण्याची आस धरून आहे, असे सांगतो. फिलिप शेफनर यांनी ‘द हाफमून फाइल्स’ (२००७) या माहितीपटात या आवाजाचा माग काढला. मुद्रण करणाऱ्यांना व्याकरण हवे होते. त्यांच्या नकळत एका माणसाची घराची ओढ शंभर वर्षे टिकली.

मग माहितीपट फसवतो कुठे?

कॅमेरा खोटे बोलत नाही, हा समज पहिल्याच मोठ्या युद्धपटाने खोटा ठरवला आहे. ‘द बॅटल ऑफ द सोम’ (१९१६) हा ब्रिटनमध्ये लाखो लोकांनी पाहिला. त्यातले बरेचसे चित्रण प्रत्यक्ष आघाडीवरचे आहे. पण खंदकातून बाहेर पडून हल्ला करणाऱ्या सैनिकांचे सर्वांत गाजलेले दृश्य मुद्दाम घडवून चित्रित केले होते. तेच दृश्य पुढे असंख्य माहितीपटांत खरे युद्ध म्हणून वापरले गेले.

भारतात सरकारी माहितीपटांची सुरुवातच युद्धप्रचारासाठी झाली. ब्रिटिश सरकारने १९४० मध्ये फिल्म अॅडव्हायजरी बोर्ड स्थापन केले. काही काळ व्ही. शांताराम यांचाही या मंडळाशी संबंध होता. पुढे १९४३ मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनची मुळे तिथे आहेत. युद्धकाळातल्या त्या चित्रफिती मौल्यवान आहेत, पण त्यांत हसतमुख शिपाई दिसतो तो भरती वाढावी म्हणून. आज मोबाइलवर पार्श्वसंगीत लावून फिरणाऱ्या तुकड्यांत हा हेतू दिसत नाही. जुन्या चित्रणाला रंग दिला की ते अधिक खरे वाटते, पण तो रंग आजचा असतो.

पडदा आठवणीवर अतिक्रमणही करतो. ऑस्ट्रेलियाचे इतिहासकार अॅलिस्टर थॉमसन यांनी पहिल्या महायुद्धातील जुन्या सैनिकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा काहींच्या कथनात १९८१ च्या ‘गॅलिपोली’ चित्रपटातले प्रसंग स्वतःच्या अनुभवासारखे उतरलेले त्यांना आढळले. प्रत्यक्ष युद्ध पाहिलेल्या माणसाचे हे होते, तर फक्त चित्रपट पाहिलेल्या नातवाचे काय?

कोण लक्षात राहणार, हेही पडदा ठरवतो. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथेच १९४२ मध्ये वारले. त्यांच्यावर शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. पुढे चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. ते वयाने मोठे होते आणि सेवा करून परतले. त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही आणि आज त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. कोटणीसांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. पण जो परत आला आणि ज्याच्यावर चित्रपट निघाला नाही, त्याची जबाबदारी कुणी घ्यायची, हा प्रश्न उरतो.

बांगलादेशाने काय केले?

या बाबतीत शेजाऱ्याकडून शिकण्यासारखे आहे. १९७१ मध्ये अमेरिकी चित्रपटकार लिअर लेविन यांनी निर्वासित छावण्यांत आणि मुक्त भागांत फिरून गाणाऱ्या कलापथकाचे चित्रण केले होते. चित्रपट पूर्ण झाला नाही आणि चित्रफिती अमेरिकेत पडून राहिल्या. जवळपास वीस वर्षांनी तारेक आणि कॅथरीन मसूद यांनी त्या मिळवल्या आणि त्यांतून ‘मुक्तिर गान’ (१९९५) हा चित्रपट साकारला. तो गावोगावी पडदा लावून दाखवला गेला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट घडली. चित्रपट संपल्यावर गावकरी आपापल्या आठवणी सांगू लागले. आमच्या गावात काय झाले, ते यात नाही, असे त्यांचे म्हणणे. मसूद दाम्पत्याने त्या आठवणी चित्रित केल्या. त्यातून सामान्य गावकऱ्यांच्या आणि स्त्रियांच्या कथनांचा ‘मुक्तिर कथा’ (१९९९) तयार झाला.

माहितीपट आणि घरातली आठवण यांचे नाते कसे असावे, याचा हा नमुना आहे. पडद्याने शेवटचा शब्द बोलायचा नाही, तर बोलण्याला सुरुवात करून द्यायची. ढाक्यातील मुक्तियुद्ध संग्रहालयाने (स्थापना १९९६) हेच काम शाळांतून केले. विद्यार्थ्यांनी घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारायचे, ऐकलेले स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचे आणि संग्रहालयाला पाठवायचे. अमेरिकेतही २००० पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस असा संग्रह चालवते. तिथे माजी सैनिकाची किमान अर्ध्या तासाची मुलाखत कुणीही, अगदी नातवंडेही घेऊन जमा करू शकतात. फाळणीच्या आठवणींसाठी २०१० पासून काम करणाऱ्या ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ने दहा हजारांहून अधिक कथने गोळा केली आहेत. हे अशक्य नाही, खर्चिकही नाही. ठरवावे लागते, इतकेच.

घरच्या घरी काय करता येईल?

बहुतेक घरांत आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. ज्या मोबाइलवर हा मजकूर वाचला जातो आहे, तोच पुरेसा आहे. मात्र काही पथ्ये पाळायला हवीत.

पहिले, ‘युद्धात काय झाले?’ असा थेट प्रश्न विचारू नये. भरती कुठे झाली, घरून निघताना कोण पोहोचवायला आले, पहिला पगार किती, जेवायला काय मिळे, पत्र कोण लिहून देई, अशा प्रश्नांनी माणूस बोलता होतो. जुना फोटो हातात दिला की आठवण आपोआप उलगडते. बोलणे मध्येच तोडून तारखा दुरुस्त करू नयेत, ते नंतर करता येते. माणूस एखाद्या जागी थांबला, तर त्या थांबण्याचा मान राखावा. आणि आजोबांइतकाच वेळ आजीलाही द्यावा.

दुसरे, ऐकलेले कागदांशी ताडून पाहावे. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, पलटणीतले गटचित्र, पत्रे यांचे दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. पदक ब्रासोने घासून चकचकीत करू नये. त्याच्या कडेवर अनेकदा सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. महायुद्धांत मरण पावलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. काही नोंदींत वडिलांचे आणि गावाचेही नाव मिळते. इंग्रजी स्पेलिंग विचित्र असते, त्यामुळे ‘जाधव’, ‘घाडगे’ अशी नावे वेगवेगळ्या प्रकारे लिहून पाहावीत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावरही कागदपत्रे आहेत.

तिसरे, जपणूक. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्याचा दर्जा घटतो, म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी आणि निदान तीन ठिकाणी ठेवावी. फाइलला नाव, गाव, तारीख द्यावी. नुसती ‘आजोबा फायनल’ नावाची फाइल दहा वर्षांनी कुणालाच सापडत नाही. बोलण्याचा लेखी उतारा बोलीत, जसाच्या तसा करावा. प्रमाण भाषेत ‘सुधारून’ घेतलेली आठवण निम्मी मेलेली असते. आणि हे सारे बाहेर देण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी. अलीकडच्या मोहिमांचे लष्करी तपशील असतील, तर विशेष जपावे.

सरकार आणि संस्थांनी काय करायला हवे?

घराने केलेले काम घराबरोबर संपू नये, यासाठी ते ठेवायला जागा हवी. पंजाबमधल्या पहिल्या महायुद्धातील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात अनेक दशके पडून होत्या. ब्रिटनमधील पंजाबी वारसा संस्था आणि ग्रीनिच विद्यापीठाने त्या डिजिटल करायला घेतल्या आणि २०२१ मध्ये त्या लोकांसमोर आल्या. परदेशात राहणाऱ्या पंजाबी कुटुंबांना त्यात आपल्या पणजोबांचे नाव सापडू लागले. मराठी मुलुखासाठी अशी गाववार सूची करणे हे राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे, विद्यापीठांच्या इतिहास विभागांचे आणि माजी सैनिकांशी रोजचा संबंध असलेल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांचे संयुक्त काम ठरू शकते. गावातल्या संगमरवरी पाटीवरच्या आकड्यासमोर नावे भरण्याचा प्रकल्प दहावीच्या वर्गालाही झेपेल.

यावर एक आक्षेप येतो. परक्यांच्या साम्राज्यासाठी लढलेल्यांचे स्मरण कशाला? दुसरा आक्षेप उलट बाजूचा असतो. शौर्याची गोष्ट सांगा, भीती, कैद आणि आजारपण कशाला उगाळता? दोन्ही आक्षेपांना एकच उत्तर आहे. स्मरण म्हणजे जयजयकार नव्हे. साम्राज्याने शिपायाला आकडा मानले. त्याला फक्त पुतळा मानणे हेही त्याच्यापासून दूर जाणेच आहे. कर्जापायी भरती झालेला, घोड्याचे मांस नाकारणारा, घरचे लोणी आठवणारा माणूस पुढच्या पिढीला कळला, तर युद्ध म्हणजे काय, हे तिला कोणत्याही भाषणापेक्षा अधिक नेमके कळेल.

दोन्ही महायुद्धांबाबत ही संधी जवळपास हातची गेली आहे. १९६२, १९६५ आणि १९७१ बाबत ती अजून आहे, पण दर वर्षी आक्रसते आहे. पंचाहत्तरीतल्या माणसाची मुलाखत ‘पुढच्या दिवाळीत निवांत घेऊ’ म्हणून पुढे ढकलली जाते, तेव्हा एखाद्या गावाच्या इतिहासाचे पान कोरे राहण्याची शक्यता वाढते. माहितीपट नंतरही करता येतील, त्यांत रंग आणि संगीत नंतरही भरता येईल. आवाज मात्र माणूस असेपर्यंतच मिळतो.